आझाद मैदानात पाणी कुठे मिळतं?

मुंबईला आंदोलनाला जायचं ठरलं की आम्हा शिक्षकांमधल्या बायका आदल्या दुपारपासूनच पाणी बेतानं प्यायला लागतात. कुणी कुणाला सांगत नाही. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, दिवसभर आझाद मैदान आणि रात्री परतीची गाडी, एवढ्या वेळात बाथरूमला कुठे आणि किती वेळा जाता येईल याचा हिशोब प्रत्येकीच्या डोक्यात तयार असतो. पाळी आलेली असली की काही जणी ऐनवेळी फोन करतात, "घरी पाहुणे आलेत, मला नाही जमायचं." मग संघटनेचे पदाधिकारी मंडपात नजर फिरवतात आणि म्हणतात, "महिला भगिनी या वेळी कमी आल्यात." मंत्रालयात जो आकडा कळवला जातो, तोही तेवढाच असतो.

शहरातल्या मोकळ्या जागेचं राजकारण मला या पाण्याच्या बाटलीपासून कळायला लागलं. मैदानात कोण काय बोललं ते पेपरात येतं. तिथे कोण किती वेळ बसू शकलं आणि कुणाला दुपारीच उठून जावं लागलं, ते कुठेच येत नाही. आणि बहुतेक आंदोलनांचा निकाल बसण्यावर लागतो, बोलण्यावर लागत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००१ पासून सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता द्यायला सुरुवात केली, म्हणजे शाळा काढा, मुलं शिकवा, पण सरकार पगार देणार नाही. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द गेला. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झालं आणि त्यानंतरचा प्रत्येक टप्पा आम्ही आझाद मैदानात बसून मिळवला. जुलै २०२५ मध्येही राज्यभरातले शिक्षक तिथेच होते, भर पावसात, चिखलात. आमच्यातल्या कित्येकांनी शाळा सुटल्यावर दुकानात हिशोब लिहिलेत, डाळिंबाच्या बागेत फवारणी केली आहे, शिकवण्या घेतल्या आहेत. त्यामुळे मुंबईचं दर्शन आम्हाला गेटवे किंवा राणीच्या बागेतून झालं नाही. आम्हाला मुंबई आझाद मैदानातून दिसली.

मैदान कसं आहे ते सांगते. सीएसएमटीच्या बाहेर आलं की समोर महापालिकेची दगडी इमारत आणि रस्त्याच्या पलीकडे मैदान. सगळं मिळून सुमारे २५ एकर. त्यात क्रिकेटच्या खेळपट्ट्याच खेळपट्ट्या, दुसऱ्या टोकाला बॉम्बे जिमखाना. सचिन आणि विनोद कांबळीची १९८८ मधली ६६४ धावांची शाळकरी भागीदारी याच मैदानावरची. मेट्रोच्या कामासाठी बराच भाग कित्येक वर्षं पत्र्यांच्या आड होता. आंदोलनासाठी राखलेला तुकडा सीएसएमटीच्या बाजूला, कठड्याने वेगळा केलेला. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आंदोलनाला परवानगी देताना हा तुकडा ७,००० चौरस मीटरचा असल्याचं आणि त्यात ५,००० माणसं मावतात असं सांगितलं गेलं. २५ एकर म्हणजे एक लाख चौरस मीटरच्या वर. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या तक्रारींसाठी मैदानाचा दहावा हिस्साही नाही.

फाटकाशी पोलिसांचं टेबल असतं. संघटनेचं नाव, जिल्हा, माणसं किती, प्रमुख कोण, मोबाईल नंबर. परवानगीच्या कागदात स्पीकरचा आवाज, वेळ, घोषणा सगळ्याच्या अटी. संध्याकाळी ६ वाजले की उठायचं. मंडपवाला ठरलेला असतो, त्याच्याकडे ताडपत्री, बांबू, दोन पंखे, एक स्पीकर. आत गेलं की डावीकडे कुणाचं उपोषण, उजवीकडे कुणाचे धरणे, मधून चहावाला फिरतो. प्रत्येक मंडपातून वेगळी घोषणा येते आणि पहिला अर्धा तास आपलीच घोषणा आपल्याला ऐकू येत नाही.

एकदा दुपारी मी आणि आमच्या संघटनेतल्या एक मॅडम फाटकाबाहेर निघालो होतो. फाटकावर तरुण महिला पोलीस होती, आमच्या मुलींच्या वयाची. तिने विचारलं, "कुठं निघालात मॅडम?" मी म्हटलं, "बाथरूमला जायचंय गं." ती जरा थांबली. मग हळूच म्हणाली, "इथल्याला जाऊ नका. स्टेशनात जा, लांब पडंल, पण तिथलं बरंय. मी पण तिकडंच जाते." गावाकडची बोली ऐकून मी गाव विचारलं, तर बार्शीची निघाली. तिची ड्युटी सकाळी सातपासून होती आणि तिनेही पाणी प्यायलं नव्हतं. कठड्याच्या आतली बाई आणि कठड्यावर उभी केलेली बाई, दोघींची अडचण तीच होती. मला तिचा राग कधीच आला नाही, आजही येत नाही. राग येतो तो त्या नकाशाचा, ज्यात मंडप, बंदोबस्त, वाहनतळ सगळं आखलेलं असतं आणि बाईचं शरीर तेवढं नसतं.

पुरुषांचं निभावून जातं. ओळखीच्या आमदाराच्या खोलीत, आकाशवाणी आमदार निवासात, दहा-बारा जण सतरंजीवर झोपतात, सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून शिष्टमंडळात मंत्रालयात जातात. शिष्टमंडळात बायका कमी का, याचंही उत्तर यातच आहे. जी रात्रभर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसून राहिली, ती सकाळी दहाला सचिवांसमोर ताजीतवानी कशी दिसेल?

मी इतिहास शिकवते, म्हणून या जमिनीचा मागचा पत्ता शोधत गेले. फोर्टचा किल्ला होता तेव्हा तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली होती, तोफांना समोरचं दिसावं म्हणून. तिलाच एस्प्लनेड म्हणायचे. १८६० च्या दशकात तट पाडला आणि त्या मोकळ्या पट्ट्याचे पुढे तुकडे पडले: ओव्हल, क्रॉस, आझाद, कूपरेज. १८५७ च्या ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना इथेच तोफेच्या तोंडी दिलं. म्हणजे ही जागा लोकांसाठी म्हणून कधीच मोकळी सोडलेली नव्हती. ती लोकांनी हळूहळू आपली करून घेतली, सभा घेऊन, क्रिकेट खेळून, बसून राहून.

मुंबईतल्या जुन्या युनियनवाल्यांकडून ऐकलंय की एके काळी मोर्चे काळा घोड्यापर्यंत जायचे, तिथे अडवायचे. त्याच्याही आधी तर थेट विधानसभेच्या रोखाने. २१ नोव्हेंबर १९५५ ला मोर्चा असाच विधानसभेकडे निघाला होता, तेव्हा फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसं गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण शंभराच्या वर. १९६१ मध्ये तिथे हुतात्मा स्मारक झालं, शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे. आझाद मैदानापासून तो चौक चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. दहावीच्या मुलांना हा धडा शिकवताना मी सांगते की तुमचं राज्य या रस्त्यावरच्या मोर्चांमुळे झालं. आणि आज तुमच्या बाईंना त्याच रस्त्याने फलक घेऊन चालत जायची परवानगी नाही, हेही सांगते. १९९७ मध्ये नरिमन पॉइंट आणि चर्चगेटच्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि दक्षिण मुंबईतली आंदोलनं आझाद मैदानापुरती राहिली. मंत्रालय तिथून दोनेक किलोमीटरवर. आमचा आवाज तिथपर्यंत पोचत नाही. शिष्टमंडळ पोचतं, तेही बोलावणं आलं तर.

मुंबईकरांची बाजू मला कळत नाही असं नाही. माझी नणंद डोंबिवलीला राहते, ती रोज लोकलने फोर्टला कामाला जाते. रस्ता बंद झाला की तिचा दिवस कसा जातो ते मी तिच्याकडून ऐकलेलं आहे. दवाखान्याची गाडी अडकू नये, परीक्षेला निघालेलं पोर अडकू नये, हे कुणाला नको आहे? मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या लाँग मार्चने हेच दाखवून दिलं. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले आदिवासी शेतकरी ११ मार्चला सोमय्या मैदानात पोचले. पायांना फोड आलेले, काहींच्या चपला रस्त्यातच तुटलेल्या. दुसऱ्या दिवशी मुलांची बोर्डाची परीक्षा होती. सकाळी निघालो तर मुलं अडकतील, म्हणून ते रात्रीच उठले आणि अंधारात चालत पहाटे आझाद मैदानात जाऊन बसले. आमच्या शाळेचीही मुलं त्याच दिवशी परीक्षेला बसली होती. परीक्षा उरकून मी स्टाफरूममध्ये मोबाईलवर त्या पायांचे फोटो बघितले तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं. मुंबईकरांनी पाणी दिलं, खायला दिलं, चपला आणून दिल्या. शहर आणि आंदोलक एकमेकांचे वैरी असतातच असं नाही, हे त्या रात्रीने सिद्ध केलं.

पण जागा कशी अडवली आहे, यावर माणसांचा जीव जातो, हेही आपल्याच राज्यात घडलेलं आहे. हिवाळी अधिवेशनाला नागपुरात मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉईंटला अडवतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाज तिथे आला होता, आदिवासींच्या सवलती मागायला. गाई राखणारा समाज, बरोबर बायका, लेकरं. दिवसभर थांबून राहिले, भेटायला कुणी येईना. संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. कितीतरी बायका, कितीतरी पोरं. आता तिथे झिरो माईलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. एकदा नागपूरच्या मोर्चात मी त्याच ठिकाणी बॅरिकेडला टेकून उभी होते. मागून लोटालोटी झाली की छातीवर लोखंडाची पट्टी दाबली जाते, श्वास अडतो, आणि पुढे कुठे जायला जागा नाही हे एका क्षणात कळतं. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवते. आमच्यातल्या नव्या मुलींनाही तेच सांगते.

मोकळी जागा देऊनही माणसाला कोंडता येतं, हे दिल्लीला गेलेल्या शेतकऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. दिल्लीत पूर्वी बोट क्लबवर सभा व्हायच्या. १९८८ मध्ये शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत लाखो शेतकरी घेऊन तिथे बसले आणि पुढे काही वर्षांत तिथली आंदोलनंच बंद झाली, लोकांना जंतर मंतर दाखवलं गेलं. २०१७ मध्ये हरित लवादाने तेही बंद केलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरसकट बंदी घालता येणार नाही. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायद्यांविरुद्ध निघालेल्या पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांना बुराडीचं मैदान देऊ केलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं. हे मैदान नाही, उघडा तुरुंग आहे, असं ते म्हणाले आणि सिंघू, टिकरी, गाझीपूरच्या हद्दीवर रस्त्यातच बसले. लंगर, ट्रॉलीत अंथरूण, वाचनालय, दवाखाना. सरकारला कायदे मागे घ्यायला लावूनच डिसेंबर २०२१ मध्ये उठले. थंडी, ऊन, पाऊस सगळं गेलं अंगावरून. ते टिकले, कारण बसायची सोय त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली. आपण नुसत्या त्यांच्या घोषणांचं कौतुक करतो. त्या ट्रॉल्या, ती चूल, ते पाण्याचे टँकर याचं कौतुक जास्त व्हायला हवं.

कोलंबोतही तसंच झालं. राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयासमोर गॉल फेस नावाचं समुद्रकाठचं मैदान आहे. गोटाबाय राजपक्षेंच्या सरकारने २०२० मध्ये आंदोलकांसाठी तिथे जागा नेमून दिली होती. दोन वर्षांत देशात गॅस मिळेना, पेट्रोल मिळेना, वीज जायला लागली. ९ एप्रिल २०२२ पासून लोक तिथे तंबू ठोकून बसले आणि त्या वस्तीला त्यांनी 'गोटा गो गामा' म्हटलं, म्हणजे 'गोटा, जा' म्हणणाऱ्यांचं गाव. त्यात स्वयंपाकघर होतं, वाचनालय होतं, औषधांचा तंबू होता. तीन महिने ते गाव टिकलं. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, आठवड्याच्या आत गोटाबायंनी राजीनामा दिला. २२ जुलैच्या पहाटे लष्कराने तंबू उखडले. नेमून दिलेल्या जागेतूनही एवढं घडू शकतं, हे मला तेव्हा मोबाईलवर बघूनच कळलं, आणि तो आठवडा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता.

आता गेल्या वर्षीचं, ऑगस्ट २०२५ चं. मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाला एक दिवसाची परवानगी, ५,००० माणसं, ६ वाजेपर्यंत. आले त्याच्या कितीतरी पट. मराठा आरक्षणावर माझी स्वतःची मतं वेगळी आहेत, ती इथे मांडत नाही. मला त्या पाच दिवसांतली एकच गोष्ट लावून धरायची आहे. आजूबाजूची खाण्याची दुकानं बंद होती. पाणी नाही, शौचालयं नाहीत, अशी आंदोलकांची तक्रार होती. माणसं सीएसएमटीच्या फलाटावर झोपली, रस्त्यातच टँकरच्या पाण्याने आंघोळी केल्या, तिथेच चुली मांडल्या. मग मराठवाड्यातल्या गावागावातून भाकरी, ठेचा, चटणी टेम्पोने यायला लागली. घराघरात बायकांनी भाकरी थापल्या. आणि टीव्हीवर काय दाखवलं? आंदोलक शहर घाण करतात, रस्त्यात आंघोळ करतात. अहो, माणूस रस्त्यात आंघोळ करतो तो हौसेनं करतो का? उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितलं, २ सप्टेंबरला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेट, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदी, मानण्याचा जीआर निघाला आणि लोक गेले. पण त्या पाच दिवसांत गावाकडच्या माणसाची जी प्रतिमा शहराच्या मनात बसली, ती पुढच्या प्रत्येक आंदोलकाला भोवणार आहे, आम्हा शिक्षकांनाही. हे माझ्या मनात सलतं.

आणि लाखो माणसांची सोय कशी करायची हे मुंबईला येत नाही असं नाही. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात जाऊन बघा. आमच्या गावातून दरवर्षी माणसं चैत्यभूमीला जातात, एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर गेले. महापालिका मैदानात मंडप घालते, नळांच्या रांगा लावते, फिरती शौचालयं आणते, डॉक्टर बसवते, मोबाईल चार्ज करायची सोय करते. रेल्वे जादा गाड्या सोडते. पुस्तकांच्या स्टॉलच्या ओळी एवढ्या की फिरून पाय दुखतात. आमच्याबरोबरच्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, नळाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्यायल्या आणि मग निवांत रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना मी पाणी बेतानं पिताना बघितलं नाही.

हे कुणी आपणहून दिलं नाही. ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्यांचे चिरंजीव भय्यासाहेब यांच्या पुढाकाराने स्तूप उभा राहिला आणि तिथे दरवर्षी लोक येत राहिले, वाळूत झोपत राहिले, शहराने नाकं मुरडली तरी येत राहिले. मग कुठे नळ आले. आणि ज्यांच्या आठवणीसाठी ते येतात, त्यांनी महाडात नेमकं काय केलं होतं? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्येच कायदेमंडळात मंजूर झालेला होता, महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. कागदावर तळं खुलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने उघडलं. पुढे कोर्टात त्यासाठी दहा वर्षं गेली. हा धडा शिकवताना वर्गात दर वेळी कुणीतरी मूल विचारतं, "बाई, कायदा झाला होता तर मग जायला काय अडचण होती?" मी त्यांना आझाद मैदानाचं सांगते. परवानगी आहे, जागा आहे, पण पाणी नाही, तर बाई किती वेळ बसेल, तुम्हीच सांगा.

एकच जागा ठेवायची असेल तर ती जागा पुरी हवी. मुंबईत आंदोलनाला आझाद मैदानच, असं एकदा ठरवलं ना, मग तिथे बारमाही नळ पाहिजेत, रात्रभर उघडी, उजेडातली, बायकांची वेगळी शौचालयं पाहिजेत, पावसाळ्यात चिखल होणार नाही अशी जमीन पाहिजे, बाहेर पडायला दोन मोकळ्या वाटा पाहिजेत. आणि रोज ठरलेल्या वेळी मंत्रालयातला कुणीतरी जबाबदार अधिकारी निवेदन घ्यायला मैदानात आला पाहिजे. दोन किलोमीटर आम्ही जायचं नाही म्हणता, तर तुम्ही या.

इतकं सगळं असूनही त्या मैदानाबद्दल मला माया आहे. गावात मी 'बाई' असते, शाळेत 'मॅडम'. मैदानात मला पहिल्यांदा कळलं की आशाताईंचं मानधन, अंगणवाडी सेविकांचं मानधन, रोजगार सेवकांचं मानधन आणि माझा न होणारा पगार ही एकाच घरातली भावंडं आहेत. २०२१-२२ च्या संपात एसटीचे लोक तिथे महिनोन्महिने होते. त्यातले एक कंडक्टरदादा मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या शाळेच्या पोरांना मी रोज पासवर आणतो की हो सांगोला गाडीनं." ज्या एसटीने माझी मुलं शाळेत येतात तिचा कंडक्टर आणि मी, आमची ओळख व्हायला मुंबई लागली. शेजारच्या मंडपात यवतमाळच्या एक आशाताई होत्या. त्यांनी डबा उघडून ज्वारीची भाकरी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि त्यांच्या मागण्यांचा कागद वाचायला दिला. मी शुद्धलेखन तपासून परत दिला. संध्याकाळपर्यंत आमच्या निवेदनात त्यांची एक मागणी होती आणि त्यांच्यात आमची. हे झूमवर होत नाही, व्हॉट्सॲपवर होत नाही. शेजारी शेजारी ताडपत्रीवर बसल्याशिवाय होत नाही.

येत्या अधिवेशनाला पहिल्यांदा येणाऱ्या शिक्षिकांसाठी शेवटी काही सांगते. पाणी कमी पिऊ नका, दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मॅडमना उन्हात चक्कर येऊन दवाखान्यात न्यावं लागलं. सकाळी सीएसएमटीला उतरल्यावर वेटिंग रूममध्ये आवरून घ्या, घाई करू नका. चौघी-चौघींचा गट करा, एक सामानापाशी, तिघी स्टेशनात, आळीपाळीने. या वेळी मैदानातल्या सोयींचा वेगळा अर्ज आम्ही करतो आहोत, पगाराच्या निवेदनाबरोबर: नळ किती, शौचालयं किती, उघडी किती वाजेपर्यंत. त्यावर प्रत्येकीने सही करायची आहे. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंशी बोलणं झालं आहे, त्याही करणार आहेत. अर्जाची एक प्रत आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन आपल्याकडे ठेवा, फोटो काढून ग्रुपवर टाका. ज्यांची पाळी त्या दिवसांत असेल त्यांनी येऊ नये असं नाही. या, आणि नेमकं काय अडलं ते अर्जात लिहा.